‘मुका मारच आहे’ म्हटल्यानंतर

‘मुका मार’ हा आपला शब्द फार नेमका आहे. रक्त नाही, टाके नाहीत, हाड मोडलेलं नाही. मार तर लागलाय, पण तो बोलत नाही. मी सोळा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हा शब्द ऐकते. पूर्वी पेशंट सांगायचे, ‘गाडीनं उडवलं.’ आता बरेचदा सांगतात, ‘बॅटरीची गाडी होती हो, आवाजच आला नाही. तशी हळूच होती. डॉक्टर म्हणाले मुका मार आहे. पण तीन महिने झाले, जिना उतरता येत नाही.’

हे शेवटचं वाक्य एका भाजीवाल्या मावशींचं आहे. सकाळी माल उतरवून रस्त्याच्या कडेनं परत येत असताना पंधरा वर्षांच्या एका मुलाची स्कूटर मागून त्यांच्या उजव्या गुडघ्यावर आली. मुलाचे वडील धावत आले, तीन हजार रुपये हातात ठेवले आणि प्रकरण तिथंच मिटलं. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मावशी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा भाजी विकायला बसल्या, म्हणजे बसायला गेल्या आणि त्यांना बसताच आलं नाही.

अशा धडकेनंतर चालणाऱ्या माणसाच्या शरीरात पुढचे महिने आणि वर्षं काय घडत राहतं, ते मला इथं सांगायचं आहे. दवाखान्यातून घरी सोडलं की आपण ‘सुटलो’ म्हणतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत खरा त्रास त्यानंतरच सुरू होतो.

आधी गाडी कोणती ते बघू, कारण या विषयावरचं बरंच संशोधन परदेशातलं आहे आणि तिथली ‘ई-स्कूटर’ वेगळी असते. दोन छोटी चाकं, मध्ये पाय ठेवायची फळी, समोर दांडा, आणि त्यावर उभं राहून जायचं. आपल्याकडची स्कूटर बसून चालवायची आणि वजनाला कितीतरी जड. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत सप्टेंबर 2017 ते ऑगस्ट 2018 या काळात त्या उभ्या स्कूटरमुळे जखमी झालेले 249 लोक आले. त्यांतले 228 जण ती चालवणारे होते. उरलेले 21 जण स्कूटरवर नव्हतेच. 11 जणांना धडक बसली होती, 5 जण वाटेत लावून ठेवलेल्या स्कूटरला अडखळून पडले होते आणि 5 जणांना बंद स्कूटर उचलताना-हलवताना लागलं होतं. 21 हा आकडा छोटा वाटेल. पण त्या लोकांनी गाडीवर बसण्याचा धोका पत्करलेलाच नव्हता.

जून 2021 मध्ये पॅरिसला सीन नदीच्या काठानं चालणाऱ्या एका तरुण इटालियन स्त्रीला दोघींना घेऊन जाणाऱ्या स्कूटरची धडक बसली. ती डोक्यावर पडली आणि वाचली नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये फुटपाथवरून चाललेल्या 71 वर्षांच्या एका बाईंना 14 वर्षांच्या मुलाच्या स्कूटरनं पाडलं. त्या सहा दिवसांनी गेल्या. 2 एप्रिल 2023 ला पॅरिसनं मतदान घेतलं. आठ टक्क्यांहूनही कमी लोक मतदानाला आले, पण आलेल्यांपैकी सुमारे 89 टक्के लोकांनी भाड्याच्या स्कूटर नकोत असं सांगितलं, आणि ऑगस्टअखेर त्या शहरातून गेल्या.

मृत्यूंची अशी नोंद होते. आपल्याकडेही होते: 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर सर्व प्रकारच्या वाहनांमुळे मिळून 32 हजारांहून अधिक पादचारी मेले, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. पण किती जणांना नंतर मांडी घालता आली नाही, किती जणांचा वास गेला, किती आज्या पुन्हा देवळापर्यंत चालत गेल्या नाहीत, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता वेगाबद्दल. आपल्याकडे लायसन्स न लागणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरना वेगाची मर्यादा आहे, ताशी 25 किलोमीटरच्या आत. ऐकायला हा वेग सायकलचा वाटतो. पण ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. तुम्ही अडीच मीटर उंचीवरून उडी मारलीत, तर जमिनीला पाय लागताना तुमचा वेग एवढाच असतो. गाडी बॅटरीशिवाय 60 किलोपर्यंत, वर बॅटरी, वर चालवणारा, असं सगळं मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन या वेगानं येऊन पायावर आदळतं. आणि वेग वाढला की धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वायर बदलून हीच गाडी 45 नं पळवली, तर वेग दुप्पटही होत नाही, पण ऊर्जा सव्वातीन पट होते.

शिवाय मार एकदाच बसत नाही. पहिला मार गाडीचा: पुढचं चाक आणि मडगार्ड नडगीला किंवा गुडघ्याला, हँडल कमरेला किंवा बरगडीला. दुसरा मार जमिनीचा. उभ्या माणसाचं डोकं दीड मीटरवर असतं. तिथून ते नुसतं खाली आलं तरी जमिनीला लागताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या घरात पोहोचतो. म्हणजे गाडी अगदी हळू असली, तिनं फक्त तोल घालवला, तरी डोक्याला बसणारा फटका हळू नसतो. तरुण माणूस पडताना हात पुढे टाकतो आणि मनगटावर निभावतो. सत्तरीच्या माणसाला हात टाकायला वेळच मिळत नाही. तो थेट कुशीवर पडतो, खुब्यावर.

तोल सावरायला वेळ का मिळत नाही, याचं एक कारण आवाजात आहे. आपल्याकडे मोटरसायकलला ‘फटफटी’ म्हणायचे. गाडीला नावच तिच्या आवाजावरून पडलं. आपली पिढी आणि आपल्या आधीची पिढी रस्ता निम्मा कानांनी ओलांडते. मागून काय येतंय, किती लांब आहे, हे मान न वळवता कळतं. बॅटरीची गाडी कमी वेगात जवळजवळ निःशब्द असते. वयामुळे ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना, ती अंगावर येईपर्यंत नसतेच. युरोपनं 2019 पासून नव्या मॉडेलच्या आणि 2021 पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करायची सक्ती केली, पण ती चारचाकींना. दुचाकी त्यातून सुटल्या.

गुडघ्यापासून सुरुवात करते, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त गुडघेच येतात.

चालणाऱ्याला गाडी बाजूनं लागते तेव्हा गुडघा आतल्या बाजूला वाकवला जातो, ज्या दिशेला तो वाकायला बनलेलाच नाही. आतल्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो किंवा फाटतो, मधला फाटू शकतो, आणि बाहेरच्या बाजूला मांडीचं हाड नडगीच्या हाडाच्या वरच्या सपाटीवर दाबलं जाऊन ती सपाटी खचू शकते. या फ्रॅक्चरला डॉक्टर ‘बंपर फ्रॅक्चर’ म्हणतात. मोटारींचे बंपर पादचाऱ्यांच्या गुडघ्याच्या उंचीला लागायचे, म्हणून. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. लिगामेंट दिसत नाही, गुडघ्यातली गादी दिसत नाही, हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत कुर्चेचा थर दिसत नाही. बारीक खचलेलं हाडही कधीकधी निसटतं. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘गुडघा नॉर्मल’ असा होत नाही. सूज उतरल्यावरही गुडघा चालताना दगा देत असेल, अडकत असेल किंवा सहा आठवड्यांनंतरही पूर्ण सरळ होत नसेल, तर पुन्हा दाखवायलाच हवं.

या कुर्चेच्या थराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, पण हा थर खराब झाला तर शरीराला तो पुन्हा तसाच बनवता येत नाही. खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर माणूस रोज चालतो आणि थर झिजत जातो. पाच, दहा, पंधरा वर्षांनी पेशंट येतात आणि म्हणतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं.’ वय विचारावं तर पंचेचाळीस. जुना काही अपघात? ‘हो, एकदा गाडी लागली होती, पण त्याला काय, मुका मार होता.’

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. तिथं मार बसला की पाऊल वर उचलणारे स्नायू ढिले पडतात. पेशंट नसेची तक्रार करत नाहीत. ते सांगतात, ‘चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही.’ हे वाक्य ऐकलं की मी सगळं बाजूला ठेवून आधी पाऊल तपासते.

आता अंशांचा हिशेब. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण 65 अंश वाकला तरी पुरतो. जिना चढायला-उतरायला आणि खुर्चीतून उठायला 90 किंवा थोडे जास्त लागतात. उकिडवं बसायला 130 किंवा त्याहून अधिक. आणि मांडी घालायची तर गुडघा नुसता वाकून भागत नाही, खुबाही बाहेर वळावा लागतो. खुर्ची, पलंग आणि कमोडवर जिथं दिवस जातो तिथं 110 अंश वाकणारा गुडघा हा उत्तम निकाल समजला जातो. आपल्याकडे त्याच 110 अंशांत बाई खाली बसून भाकरी थापू शकत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात जाऊ शकत नाही, पंगतीला बसू शकत नाही, एसटीची उंच पायरी सहज चढू शकत नाही. कागदावर ती बरी झालेली असते. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, पेशंटला ‘दुखतं का’ याच्या आधी ‘घरी जेवायला कुठं बसता’ हे विचारा.

इथंच एक विनंती. मार लागलेला, सुजलेला भाग तेल लावून जोरात चोळू नका, चोळून घेऊ नका. हाड बसवणाऱ्यांकडे नेऊन ओढूनताणून घेऊ नका. ताजा मार लागलेल्या स्नायूला असं रगडलं की काहींच्या स्नायूतच हाडासारखा कठीण गोळा तयार होतो, विशेषतः कोपराजवळ आणि मांडीत. कोपर मग अर्ध्यात अडकतं, घास तोंडापर्यंत पोहोचत नाही. प्रेमानं चोळणाऱ्या माणसांना हे सांगणं मला फार जड जातं, तरी सांगते.

मनगटाचं तुलनेनं बरं होतं. प्लॅस्टर निघाल्यावर हात कडक असतो, तो व्यायामानं मोकळा होतो. मात्र हात सतत जळजळत असेल, सुजून लालसर-निळसर दिसत असेल, पंख्याचा वारा किंवा ओढणीचा स्पर्शही सहन होत नसेल, तर ‘सहन करा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हा नसांशी संबंधित वेगळा विकार असतो आणि तो जितक्या लवकर ओळखला जाईल तितका आटोक्यात राहतो.

खुब्याचं हाड मोडणं ही मात्र वेगळ्याच पातळीची गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात या फ्रॅक्चरनं एक रेघ ओढली जाते. जगभरच्या अभ्यासांत दिसतं की साठी-सत्तरीनंतर खुबा मोडलेल्या लोकांपैकी साधारण पाचातला किंवा चारातला एक जण वर्षभरात दगावतो. मृत्यू हाडामुळे येत नाही. अंथरुणावर पडल्यानं छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गाठ होते, पाठीवर जखमा होतात, खाणं कमी होतं. जे वाचतात त्यांच्यातले जवळपास निम्मेच अपघाताआधीसारखं चालू लागतात. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्याच दिवशी माणसाला उभं करावं, असा प्रयत्न असतो. नातेवाईक मला म्हणतात, ‘अहो, कालच ऑपरेशन झालंय, राहू द्या चार दिवस.’ त्यांची काळजी खरी असते. पण पडून राहिलेले दिवस फार महाग पडतात. एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतले साधारण एक किलो स्नायू गेले. दहा दिवसांत, कुठलाही आजार नसताना.

आता डोकं. याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

डोकं आपटल्यावर माणूस बेशुद्ध पडला नाही, सीटी स्कॅन स्वच्छ आला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तो टाकावाच. पण मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं की मेंदू आत हिंदकळतो आणि त्याच्या पेशींचे लांब धागे ताणले जातात. हे ताणलेले धागे साध्या स्कॅनवर दिसत नाहीत. पुढचे काही आठवडे डोकं दुखतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, झोप बिघडते, वाचलेलं लक्षात राहत नाही, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत विरतं. काहींचं महिनोन् महिने राहतं. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे ऑफिसात आणि घरात त्यांना ‘नाटकं’ म्हणून ऐकावं लागतं. एका बाईंनी मला सांगितलं होतं की फोडणीत मोहरी टाकली की पुढं काय टाकायचं ते आठवत नाही आणि त्या गॅससमोर उभं राहून रडतात. त्यांचा स्कॅन नॉर्मल होता आणि त्यांचं रडणंही खरं होतं.

दुसरा धोका उशिरा येतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानंही त्यातली एखादी झिरपू लागते. रक्त इतकं हळू साठतं की लक्षणं तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. तोपर्यंत अपघात विसरलाही गेलेला असतो. आजोबा घरातच वाट चुकतात, शब्द अडखळतात, एक पाय ओढत चालतात, दिवसा झोपून राहतात, आणि घरातले म्हणतात, म्हातारचळ लागला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही शक्यता आणखी जास्त. आणि हे सांगताना माझा जीव तुटतो, कारण हा आजार वेळेवर पकडला तर कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढून टाकता येतं आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. घरातल्या ज्येष्ठाला मागच्या दोन-तीन महिन्यांत गाडी लागली असेल किंवा ते पडले असतील आणि आता वागण्या-बोलण्यात फरक दिसत असेल, तर डॉक्टरांना तो अपघात आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

चक्कर ही तिसरी तक्रार. कूस बदलली की खोली फिरते, वर बघून डबा काढला की फिरते. पुष्कळदा हा कानातला बिघाड असतो: तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे धक्क्यानं जागचे हलतात आणि नको त्या नळीत शिरतात. मान आणि डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते परत जागी नेता येतात, कधीकधी एकाच भेटीत. पेशंट वर्षभर चक्करेच्या गोळ्या खाऊन माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं.

आणि वास. नाकाच्या छताशी वासाच्या नसांचे तंतू चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात. डोकं मागच्या बाजूनं आपटलं की मेंदू हलतो आणि हे तंतू तुटू शकतात. वास गेला की चवही जाते, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. आमटी नुसती गरम आणि खारट लागते. दूध उतू गेलेलं कळत नाही, गॅस गळतोय ते कळत नाही. काहींचा वास महिन्यांनी थोडा परततो, काहींचा कधीच परतत नाही. घरात गॅसगळतीचा अलार्म लावा, एवढं तरी मी सांगते.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. तिथं मार लागला तर आज सगळं ठीक दिसतं आणि दोन-तीन वर्षांनी एक पाय आखूड किंवा वाकडा झालेला लक्षात येतो. म्हणून मुलाचं हाड जुळल्यानंतरही बोलावलेल्या प्रत्येक तपासणीला जायचं.

भीती हीसुद्धा दुखापतच आहे. मागून काही सरकल्याचा भास होतो आणि छाती धडधडते. झोपेत तोच क्षण पुन्हा येतो. मुलगा म्हणतो, ‘आई, आता एकटी जाऊ नकोस,’ आणि आई जात नाही. बाहेर जाणं थांबलं की चालणं थांबतं, चालणं थांबलं की पायातलं बळ जातं, बळ गेलं की ती घरातच, बाथरूमच्या ओल्या फरशीवर, पडते. मी पाहिलेल्या कितीतरी ‘घरात पडल्या’ अशा केसेसची सुरुवात रस्त्यावर झालेली असते. अशा वेळी समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही, आणि आधी सोसायटीच्या फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, कुणीतरी सोबत चालणं हे औषधाइतकंच लागू पडतं.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण उपचार अर्ध्यात सुटतात ते बहुतेक त्याच्यामुळे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद 250 वॉटहून कमी, वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी आणि बॅटरीशिवाय वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ती बॅटरीची दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, थर्ड पार्टी विमाही नाही. मोठ्या गाडीनं धडक दिली तर जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि भरपाई बहुधा विमा कंपनी देते. या छोट्या गाडीमागे विमा कंपनीच नसते. मे 2025 मध्ये केंद्रानं अपघातग्रस्तांसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजना आणली, पण तीही मोटार वाहनाच्या अपघातांसाठी आहे. आणि वर सांगितलेली बहुतेक दुखणी सातव्या दिवसानंतर डोकं वर काढतात. धडक देणाऱ्यानं पळ काढला तर कायद्यात गंभीर जखमीला 50 हजार रुपये आहेत, मोटार वाहनानं उडवलं असेल तर.

मात्र गाडीवर ‘25’ लिहिलेलं असलं म्हणजे ती 25 ची असतेच असं नाही. वेगाची मर्यादा काढून टाकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि मर्यादा ओलांडणारी गाडी कायद्याच्या दृष्टीनं मोटार वाहनच ठरू शकते. म्हणून गाडीचा, तिच्या मोटरवरच्या आणि चासिसवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवणं फार उपयोगी पडतं. बेदरकारपणे वाहन चालवणं आणि त्यातून इजा करणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, गाडीला नंबरप्लेट असो वा नसो. पोलिसांत नोंद करा, दवाखान्यात ‘रस्ता अपघात’ असं लिहूनच कागद बनवून घ्या. घरी पडल्या असं लिहून घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

दाव्यात दुखापतीचं मोल कसं ठरतं, हेही माहीत असावं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. हा विचार आपल्या माणसांना फार लागू आहे. गुडघा वीस टक्के निकामी झाला हे प्रमाणपत्रावर किरकोळ दिसतं. पण जिचं कामच खाली बसून करायचं आहे तिचं अख्खं काम गेलेलं असतं. आणि हे नुकसान पहिल्या दिवशी कुणालाच ठरवता येत नाही. म्हणूनच रस्त्यावर, धूळ झटकतानाच ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याला निदान एवढं सांगावं की नाव, पत्ता, फोन द्या, उपचार संपल्यावर बोलू. समोरचा माणूस वाईट असतो असं नाही. पोटासाठी दिवसभर डबे पोहोचवणारा एखादा मुलगाही असतो, आणि त्याचाही विमा नसतो.

पहिल्या दोन दिवसांत डोक्याला मार लागलेल्या माणसावर नजर ठेवा. उलट्या वाढल्या, डोकेदुखी चढत गेली, उठवायला जड जाऊ लागलं, बोलणं बदललं, एका बाजूचं बळ कमी झालं, फिट आली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर 108 ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. त्यानंतर दुखणं गेलेलं असलं तरी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एकदा तपासून घ्यावं, आणि काय जमत नाही ते साध्या शब्दांत वहीत तारीख घालून लिहावं: आज जिना बसत उतरले, आज देवघरासमोर बसता आलं नाही. डॉक्टरला आणि वकिलाला, दोघांनाही ही वही कामाला येते.

मावशींच्या गुडघ्याचा एमआरआय शेवटी चौथ्या महिन्यात झाला. गादी फाटलेली होती आणि हाडावर दाबाची खूण होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, खर्च भावानं कर्ज काढून केला. त्या मुलाच्या वडिलांचा फोन नंबर कुणी घेतलाच नव्हता. आता त्या प्लॅस्टिकचे दोन क्रेट एकावर एक ठेवून त्यावर बसतात आणि भाजी समोर टेबलावर मांडतात. खाली अंथरलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या इतर बायकांपेक्षा त्या उंच दिसतात, आणि ते त्यांना आवडत नाही. आठवड्यातून दोनदा येतात, न चुकता. काल त्यांचा गुडघा 112 अंश वाकला. वहीत मी तारीख घातली आणि त्यांनी विचारलं, ‘अजून किती?’ मी म्हटलं, ‘अठरा.’